गाडी विकली, जबाबदारीही विकली?

जबलपूरला उतरणारा मराठी प्रवासी बहुधा भेडाघाट पाहायला आलेला असतो. संगमरवरी कड्यांमधून होडी फिरवायची, धुवांधारचे तुषार अंगावर घ्यायचे, मदन महालची टेकडी चढायची आणि परतीची गाडी पकडायची, एवढाच त्याचा बेत. पण शहराच्या दुसऱ्या अंगाला, रांझी आणि खमरियाकडे गेले की वेगळेच जबलपूर भेटते. लांबच लांब भिंती, फाटकावर पहारा, भिंतीआड प्रचंड शेड आणि भिंतीबाहेर कामगारांच्या वसाहती. इथे माणसाची ओळख आडनावाने कमी आणि कारखान्याच्या आद्याक्षरांनी जास्त होते. कुणाचे आजोबा 'जीसीएफ'मध्ये होते, वडील 'व्हीएफजे'मध्ये, आता नातू कुठे लागतो याची घरात काळजी.

मराठी माणसाला हे शहर परके नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस नर्मदेकाठचा हा मुलूख पेशव्यांकडून नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि इंग्रजांनी तो जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. पुढे 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात नांदत होती. वरणगाव, भुसावळ, भंडारा, अंबाझरी, खडकी, देहूरोड, अंबरनाथ या गावांतल्या घरांना आयुध निर्माणी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जबलपूरचे जे प्रश्न, तेच कमीअधिक फरकाने त्यांचेही प्रश्न.

त्यातला एक प्रश्न अलीकडे नव्याने उभा राहिला आहे. आपण शस्त्रे आणि चिलखती गाड्या दुसऱ्या देशांना विकू लागलो आहोत. हा प्रश्न जेवढा दिल्लीचा आहे, तेवढाच रांझीतल्या आणि वरणगावातल्या घरांचाही आहे.

तोफगाड्यापासून जोंग्यापर्यंत

जबलपूरचा तोफगाडा कारखाना, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी, 1904 साली सुरू झाला. इंग्रजांच्या तोफांना चाके आणि गाडे पुरवणे हे त्याचे काम. स्वातंत्र्यानंतर याच कारखान्यात 1959 मध्ये जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्याने 'शक्तिमान' ट्रक बनू लागला. लष्कराच्या ताफ्यातला तो हिरवा, आडदांड ट्रक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचा घरघराट अजून आठवत असेल. वाहनांचे काम वाढले तेव्हा 1969 च्या सुमारास स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली.

जपानच्या निस्सान कंपनीच्या आराखड्यावर बेतलेली 'जोंगा' ही जीपही जबलपूरचीच. तिच्या नावातला 'ज' जबलपूरचा आहे. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेम्ब्ली' या इंग्रजी शब्दांच्या अक्षरांतून ते नाव घडले. शक्तिमान 1996 मध्ये बंद झाला, जोंगा 1999 मध्ये. त्यानंतर अशोक लेलँडचे 'स्टॅलियन' आणि टाटांचे लष्करी ट्रक इथे जोडले जाऊ लागले आणि पुढे सुरुंगापासून रक्षण करणारी चिलखती गाडीही इथे तयार झाली.

या सगळ्या काळात कारखान्याला गिऱ्हाईक शोधायला बाहेर जावे लागले नाही. लष्कर मागणी नोंदवी आणि कारखाना माल देई. ऑर्डर भरपूर असली की ओव्हरटाइम मिळे, मुलीचे लग्न पार पडे, घरावर मजला चढे. ऑर्डर कमी झाली की वसाहतीतल्या वाण्याची उधारी वाढे.

1 ऑक्टोबर 2021 रोजी ही घडी बदलली. देशातल्या 41 आयुध निर्माणींची सात सरकारी कंपन्यांत वाटणी झाली. जबलपूरचीही वाटणी झाली. व्हेइकल फॅक्टरी आवडीच्या 'आर्मर्ड व्हेइकल्स निगम'कडे गेली, तोफगाडा कारखाना कानपूरच्या कंपनीकडे आणि खमरियाचा दारूगोळा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या 'म्युनिशन्स इंडिया'कडे. कामगार संघटनांनी या बदलाला कडाडून विरोध केला होता, तो कशासाठी हे उघड आहे. कंपनी म्हटली की नफा-तोटा आला, गिऱ्हाईक शोधणे आले. आणि घरचे एकच गिऱ्हाईक पुरत नसेल तर नजर परदेशाकडे वळणारच.

नजर वळलीही आहे. 2013-14 मध्ये भारताची संरक्षण निर्यात 686 कोटी रुपयांची होती. 2024-25 मध्ये ती 23,622 कोटींवर गेली, म्हणजे जवळजवळ चौतीसपट. त्यातला मोठा वाटा खासगी कंपन्यांचा असला तरी सरकारी कंपन्यांचा वाटाही 8,389 कोटींचा आहे. 2029 पर्यंत 50,000 कोटींचे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या शस्त्र आयातदारांत आजही आपली गणना होते. त्या देशाने विक्रेत्यांच्या रांगेत उभे राहावे, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

पण शस्त्राचा व्यापार हा गव्हाचा किंवा साड्यांचा व्यापार नव्हे. विकलेली साडी कोण नेसणार याची चिंता दुकानदाराला नसते. चिलखती गाडी कोण चालवणार आणि कुणावर चालवणार, ही चिंता विकणाऱ्याने करायची की नाही?

सुरुंगावरून चालणारी गाडी

आधी ही गाडी कशासाठी असते ते पाहू. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्र दिनीच, गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी रस्त्यात सुरुंगस्फोट केला. पोलिसांच्या शीघ्र कृती पथकाचे 15 जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक जागीच गेले. ते साध्या खासगी वाहनातून निघाले होते.

साध्या वाहनाचा तळ सपाट असतो. खाली स्फोट झाला की त्याचा सगळा जोर थेट तळावर आदळतो. सुरुंगरोधी गाडीचा तळ इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा, होडीच्या बुडासारखा निमुळता असतो. स्फोटाचा जोर त्यावर आपटून दोन्ही बाजूंना निसटतो. गाडी जमिनीपासून उंच असते. आतली आसने तळावर ठोकलेली नसतात, ती बाजूला किंवा छताला अडकवलेली असतात, म्हणजे तळाला बसलेला दणका माणसाच्या मणक्यापर्यंत पोचत नाही. काचा जाड, गोळी अडवणाऱ्या. चाक उडाले तरी माणूस वाचावा, हे त्या गाडीचे सूत्र.

अर्थात, स्फोटके पुरेशी मोठी असली तर अशी गाडीही हरते. सप्टेंबर 2005 मध्ये छत्तीसगडच्या बिजापूर भागात सुरुंगरोधी गाडीच उडवली गेली आणि वीसहून अधिक जवान बळी पडले. तरीही या गाडीमुळे कित्येक घरांतली माणसे परत आली, हे खरेच आहे. म्हणून विक्रीची बाजू मांडणारे म्हणतात, "ही तोफ नव्हे, हे तर चिलखत आहे. चिलखत कुणाला मारत नाही, वाचवते."

हे म्हणणे तपासून पाहायचे तर या गाडीचे कुळ आणि मूळ शोधावे लागते.

एका चिलखताचा प्रवास

हे 'व्ही' आकाराचे तळ जगात सर्वांत कसोशीने घडवले ते दक्षिण आफ्रिकेने. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिथे 'कॅस्पिर' नावाची गाडी तयार झाली. सीमेवरच्या लढाईत सुरुंगांपासून पोलिसांना वाचवणे हा तिचा हेतू. काही वर्षांतच तीच गाडी देशाच्या आत वळली. काळ्या माणसांच्या वस्त्यांमध्ये, सोवेटोच्या गल्ल्यांमध्ये 1980 च्या दशकात कॅस्पिर फिरू लागली. आत बसलेला पोलीस सुरक्षित होता, बाहेर दगड हातात घेतलेला शाळकरी मुलगा उघडा होता. चिलखत वाचवते हे खरे, पण कुणाला, हे ते ज्याच्या हातात असेल तो ठरवतो.

त्या काळात वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सर्वांत आधी उभा राहिलेला देश होता भारत. 1946 मध्येच आपण त्या देशाशी व्यापार तोडला होता. 1977 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याला शस्त्रे विकण्यावर सक्तीची बंदी घातली, तेव्हा त्या बंदीच्या पाठीराख्यांत आपण आघाडीवर होतो.

आणि तरीही एक अवघड गोष्ट घडली. 1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर 'पूना हॉर्स'चे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर ब्रिटिश बनावटीच्या सेंच्युरियन रणगाड्यांचे नेतृत्व करीत होते. जखमी असूनही ते आघाडीवरून हटले नाहीत. 16 सप्टेंबरला त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. पुण्यात शिकलेल्या या सेनानीमुळे सेंच्युरियन हे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते. पुढे हे रणगाडे जुने झाले आणि मोडीत निघाले. त्यांतले काही मध्यस्थांच्या हातून फिरत फिरत पोचले ते दक्षिण आफ्रिकेत! तिथे जॉर्डनकडून आणि भारताकडून गेलेल्या जुन्या सेंच्युरियनवर नवे इंजिन चढवून 'ऑलिफंट' नावाचा रणगाडा उभा राहिला. ज्या राजवटीशी आपण व्यापारसुद्धा करीत नव्हतो, तिच्या लष्कराला आपल्याच जुन्या लोखंडाचा उपयोग झाला.

काळाने आणखी एक फेरा घेतला. मंडेला तुरुंगातून सुटले, वर्णद्वेष संपला आणि 1993 मध्ये भारत-दक्षिण आफ्रिका राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले. त्यानंतर काही वर्षांतच कॅस्पिर गाड्या भारताने विकत घेतल्या, आपल्या जवानांना सुरुंगांपासून वाचवण्यासाठी. त्याच तत्त्वावर आपल्या आयुध निर्माणींनी स्वतःच्या सुरुंगरोधी गाड्या बनवल्या. जबलपूरच्या शेडमध्ये आलेली ती हीच विद्या.

सेंच्युरियन गेला, कॅस्पिर आली. लोखंडाला स्मृती नसते. तारापोरांच्या शौर्याची आठवण त्या रणगाड्याबरोबर गेली नाही आणि सोवेटोतल्या आक्रोशाची आठवण या गाडीबरोबर आली नाही. आठवण ठेवायची असते ती माणसांनी.

विकणाऱ्याचा शब्द

विकणारा शब्द देतो, त्याचे काय? याचा अनुभवही आपल्याच पदरी आहे. अमेरिकेने 1954 मध्ये पाकिस्तानला लष्करी मदत द्यायचे ठरवले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून दिलासा दिला होता. ही शस्त्रे भारतावर आक्रमणासाठी वापरली जाणार नाहीत, तसे झाल्यास अमेरिका पावले उचलेल, असा त्या पत्राचा आशय होता. ती शस्त्रे साम्यवादाला रोखण्यासाठी होती.

अकरा वर्षांनी, सप्टेंबर 1965 मध्ये, अमेरिकी पॅटन रणगाडे पंजाबच्या शेतांत उतरले. असल उत्तरच्या लढाईत आपल्या जवानांनी त्यांची दाणादाण उडवली. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने एकामागून एक पॅटन टिपले आणि प्राण दिले. नंतर भिखीविंडजवळ मोडके पॅटन इतके गोळा झाले की त्या जागेला 'पॅटन नगर' म्हणू लागले. विजय आपला झाला. पण त्या पत्रातल्या शब्दाचे काय झाले, असे अब्दुल हमीद यांच्या घरच्यांनी विचारले असते तर त्यांना कुणी काय उत्तर दिले असते?

तेव्हा आपण खरेदीदाराच्या पलीकडच्या बाजूला उभे होतो. विकणारा कुणीतरी दूरचा होता. आज विकणाऱ्याच्या जागी आपण उभे राहिलो आहोत, म्हणून हा इतिहास उगाळायचा.

दाखल्याचा कागद

शस्त्रव्यवहारात एक कागद फार महत्त्वाचा मानला जातो, अंतिम वापरकर्त्याचा दाखला. माल कोण वापरणार, कशासाठी वापरणार, आणि विकणाऱ्या देशाच्या परवानगीशिवाय तो तिसऱ्याला देणार नाही, असे खरेदीदार त्यात लिहून देतो. भारतातही लष्करी मालाच्या निर्यातीला सरकारी परवाना लागतो आणि त्यासाठी असा दाखला मागितला जातो. 2017 मध्ये आपण 'वासेनार' या शस्त्र-निर्यात नियंत्रणाच्या गटाचे सदस्यही झालो. मात्र 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांत शस्त्रव्यापार कराराला मतदान झाले तेव्हा भारत तटस्थ राहिला आणि त्या करारावर आपण सही केलेली नाही. हा करार आयातदार देशांवर अन्याय करणारा आहे, ही आपली तेव्हाची भूमिका. तेव्हा आपण मुख्यतः आयातदार होतो, हेही लक्षात घेतले पाहिजे.

कागद किती टिकतो याचा धडा पुन्हा दक्षिण आफ्रिकेनेच दिला. मंडेलांचे सरकार नुकतेच आले होते. लेबनॉनच्या नावाने विकलेली बंदुकांची खेप प्रत्यक्षात येमेनकडे गेल्याचे 1994 मध्ये उघड झाले. नव्या सरकारने ते झाकले नाही, चौकशी आयोग नेमला. 1995 मध्ये मंत्र्यांची एक समिती स्थापन झाली आणि 2002 मध्ये कायदाच आला. खरेदीदार देशात मानवी हक्कांची स्थिती काय आहे, हे विक्रीआधी तपासण्याचे बंधन त्या कायद्याने घातले. कायदा आला म्हणून सगळे व्यवहार निर्मळ झाले असे नव्हे. पण प्रश्न विचारायची जागा तयार झाली.

आपल्याकडे ही जागा अजून अरुंद आहे. सप्टेंबर 2024 मध्ये इस्रायलला होणारी लष्करी निर्यात थांबवावी, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. परराष्ट्र धोरण ठरवणे हे न्यायालयाचे काम नाही, असे सांगून ती फेटाळली गेली. न्यायालयाचे काम नाही हे मान्य केले, तर ते काम संसदेचे आणि अर्थातच नागरिकांचे उरते.

नगरहून मोरोक्कोला

हा प्रश्न पुस्तकी नाही, हे सांगणारे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, इथे संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तिने टाटा समूहाबरोबर आठ चाकांची, पाण्यातूनही जाऊ शकणारी एक चिलखती गाडी विकसित केली. ही गाडी मोरोक्कोच्या लष्कराने पसंत केली. सप्टेंबर 2025 मध्ये मोरोक्कोतल्या बेरेशीद इथे ती बनवण्याचा टाटांचा कारखाना सुरू झाला आणि उद्घाटनाला आपले संरक्षणमंत्री गेले होते. नगरच्या अभियंत्यांनी आखलेली गाडी आफ्रिकेत बनावी, हे कौतुकाचेच आहे.

त्याच वेळी पश्चिम सहाराच्या वाळवंटावरून मोरोक्कोचा 1975 पासून वाद चालू आहे, हेही नकाशावर आहेच. उद्या ती गाडी कुठल्या रस्त्यावर फिरेल, हे नगरचा अभियंता सांगू शकत नाही. पॅटन कुठे फिरेल हे डेट्रॉइटचा कामगार सांगू शकला नव्हता, तसेच हे. म्हणून विकू नये असा याचा अर्थ नाही. देशाला परकीय चलन हवे, मित्रही हवेत. आपण नाही विकले तर दुसरा कुणी विकेलच, असेही सांगितले जाते. पण दुसरा विकेल म्हणून आपण विचारायचेच नाही, हा शहाणपणा नव्हे. मुलीचे लग्न ठरवताना स्थळाची चौकशी करणारे आपण, चिलखती गाडी देताना घराणे पाहायला नको?

चौकशी कोणती, तर साधी. घेणाऱ्याचे त्याच्या शेजाऱ्याशी कसे आहे? त्याच्याच प्रजेशी कसे आहे? पूर्वी घेतलेल्या मालाचे त्याने काय केले? आणि दिलेला शब्द त्याने मोडला, तर सुटे भाग आणि दुरुस्ती थांबवण्याची आपली तयारी आहे का? दुरुस्तीशिवाय चिलखती गाडी फार काळ चालत नाही. विकणाऱ्याच्या हातात उरणारी लगाम तेवढीच.

जबलपूरच्या कामगाराकडून या प्रश्नांची उत्तरे मागणे अन्यायाचे आहे. त्याने वेल्डिंग चोख करायचे, कारण त्या सांध्यावर कुणाचा तरी जीव तोललेला असतो. ते तो करतो. त्याच्या पोटाचा प्रश्न खरा आहे आणि निर्यातीच्या ऑर्डरने तो सुटत असेल तर त्याला आनंदच व्हावा. उत्तरे द्यायची आहेत ती त्याच्या नावावर गाडी विकणाऱ्यांनी. आणि विचारायचे आहे ते बाकीच्या आपण सगळ्यांनी, 23,622 कोटींच्या आकड्याला टाळ्या वाजवून झाल्यावर.

जबलपूर स्टेशनजवळ मालगोदाम चौक आहे. गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातले राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांचे स्मारक तिथे आहे. इंग्रजांविरुद्ध उठावाची तयारी केल्याबद्दल 18 सप्टेंबर 1857 रोजी या पिता-पुत्रांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्यानंतर अर्धे शतकही उलटले नव्हते, तोच याच शहरात तोफांचे गाडे बनवायचा कारखाना उभा राहिला. भिंतीआडच्या कारखान्यात तोफेची मागची बाजू घडते, चौकातल्या स्मारकापाशी तिची पुढची बाजू आठवते. भेडाघाट पाहून परतणाऱ्या प्रवाशाने गाडीला वेळ असेल तर त्या चौकात थोडे थांबावे. शस्त्र विकायला निघालेल्या देशाने या दोन्ही बाजू लक्षात ठेवायच्या असतात, हे तिथे कुणी समजावून सांगावे लागत नाही.